कुंडीतल्या मोगऱ्याला ऊन किती?

(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



खतावर, पाण्यावर, फवारणीवर आपण नेहमी ऐकता. आज मी उन्हावर बोलणार आहे. उन्हावर सहसा कोणी बोलत नाही, कारण ऊन फुकट. शेतात ते आपोआप मिळतं, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण झाड कुंडीत लावलं की गोष्ट बदलते. कुंडी आपण उचलतो, ठेवतो, विकतो. त्या झाडाच्या वाट्याला किती ऊन यायचं ते मग आपल्या हातांनी ठरतं, आणि बहुतेक वेळा न बघताच ठरतं.

विषय मोगऱ्याचा घेतला आहे, त्याला कारण आहे. खाडीपलीकडच्या गोराई-मनोरीत, आरेच्या पाड्यांवर, अंधेरी-मुलुंडच्या जुन्या गावठाणांत भाताची खाचरं आता थोडीच उरली. मुलुंड, बोरिवली ही गावं १९५७ सालापर्यंत बृहन्मुंबईत नव्हतीसुद्धा. आज तिथं शेत म्हणायला अंगण आणि गच्ची. पुष्कळ घरांनी कुंड्यांचा धंदा धरला आहे. तिकडे वसईत, आणि वर विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडे मोगऱ्याची लागवड आहे. त्यांची फुलं दादरच्या बाजारात जातात, आणि ज्यांना जमतं ते शेतकरी रोपंही करून उपनगरांत पाठवतात. मोगऱ्याच्या कुंडीला गिऱ्हाईक कायम असतं. अंधेरीत तर मोगरा नावाचं गावच आहे, नाल्यालाही तेच नाव आहे.

आता अडचण कुठं येते ते सांगतो. मार्चमध्ये वीस-पंचवीस कळ्यांनी भरलेली कुंडी आपण विकतो. गिऱ्हाईक ती हौसेनं घरी नेतं. आहेत त्या कळ्या फुलतात. पुढं दोन महिने एक कळी नाही. पानं मोठी, फांद्या लांबलचक, वेलासारख्या लोंबणाऱ्या. गिऱ्हाईक म्हणतं, माळ्यानं औषध मारून फुलं आणली होती, आपल्याला फसवलं. दुसऱ्या वर्षी ते आपल्याकडे फिरकत नाही, आणि शेजाऱ्यांनाही फिरकू देत नाही. झाड आपलं चांगलं होतं, खत-माती चांगली होती. कमी पडलं ते ऊन. अशी दहा गिऱ्हाइकं गेली की हंगाम गेला, म्हणून या गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालायचं नाही.

मोगऱ्याचा स्वभाव आधी नीट समजून घ्या. फूल येतं ते नव्या फुटीवर. जुनी फांदी कितीही जाड असो, ती स्वतः फूल देत नाही. तिच्यावर नवा फुटवा आला तर त्याच्या शेंड्याला कळ्यांचा झुबका बसतो. तेव्हा फुलासाठी दोन गोष्टी लागतात, फुटवा आणि त्या फुटव्याच्या अंगात दम. फुटवा खतपाण्यावर येतो, दम उन्हावर येतो. बांधावरच्या आंब्याखालचं भात आठवा. काड गुडघ्यापेक्षा वर जातं, रंग हिरवागार, पण लोंबी हातात घेतली तर निम्मे दाणे पोचट. पाणी तेच, खत तेच, बियाणं तेच. सावलीतल्या मोगऱ्याचंही तसंच होतं. झाड मरत नाही म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. तो पोटापुरतं मिळवतो, फुलासाठी शिल्लक टाकू शकत नाही.

ऊन कमी पडतंय हे झाडावर दिसतं. दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर बघा. भर उन्हातल्या मोगऱ्यात ते बोट-दोन बोटं असतं. सावलीतल्यात चार-चार बोटं होतं. पान मोठं, पातळ आणि गडद हिरवं होतं. झाड उजेडाच्या बाजूला मान वाकवून उभं राहतं. ही तीन चिन्हं दिसली की खताची पिशवी उघडू नका, कुंडी हलवा. खास करून युरिया देऊ नका. सावलीतल्या मोगऱ्याला युरिया म्हणजे आणखी पानं.

आता किती ऊन हवं? मोगऱ्याला अंगावर पडणारं उघडं ऊन रोज निदान पाच-सहा तास पाहिजे. आठ तास मिळालं तर उत्तम. चार तासांवर तो फुलतो, पण हात राखून. तीन तासांच्या खाली फुलांची आशा धरू नये.

इथं एक खुबी सांगून ठेवतो. गिऱ्हाईक म्हणेल, "आमच्या घरात भरपूर उजेड आहे." त्याचं खोटं नाही, त्याला तसं दिसतंच. माणसाचा डोळा फार लबाड आहे. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं. पण दुपारच्या उघड्या उन्हाशी ताडून पाहिलं तर खिडकीपासून चार-पाच हात आत घरात उजेड शंभराव्या हिश्श्यावर आलेला असतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. पेपर वाचायला तो पुरतो, मोगऱ्याला नाही पुरत. म्हणून उजेड आहे का असं विचारू नका. कुंडीच्या जागी हात धरला तर हाताची काळी, कडेला स्पष्ट रेघ असलेली सावली पडते का, ते बघायला सांगा. सावली पडते तेवढा वेळ ऊन. सावली पुसट, कडा विरलेल्या, तो नुसता उजेड.

ऊन मोजायला यंत्र लागत नाही. एक दिवस सुट्टीचा काढा. सकाळी सात वाजल्यापासून दर तासाला अंगणात एक फेरी मारा आणि ऊन जिथपर्यंत आलं असेल तिथं चुन्यानं रेघ ओढा, शेजारी वाजले किती ते लिहा. संध्याकाळी अंगणाचा नकाशा तयार. कुठल्या कोपऱ्याला किती तास मिळाले ते बोटावर मोजता येतं. घरातली शाळकरी मुलं हे काम फार आवडीनं करतात.

पण एकदाच मोजून भागत नाही, आणि नेमकी इथंच बहुतेकांची गफलत होते. सूर्य वर्षभर एका वाटेनं जात नाही. उत्तरायण-दक्षिणायन आपल्याला पंचांगातून माहीत आहे, पण कुंडीच्या बाबतीत त्याचा काय परिणाम होतो ते कोणी बघत नाही. मुंबई उपनगरापुरतं सांगतो.

पहिली गोष्ट घड्याळाची. आपल्याकडे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. आपलं घड्याळ साऱ्या देशाचं एक आहे, आणि मुंबई पश्चिमेला पडते. त्यामुळे इथं खरी दुपार साधारण साडेबारा ते पाऊण या वेळात होते. फेब्रुवारीत तर पावणेएकच्याही पुढं. म्हणजे सकाळची बाजू आपल्याला वाटते त्यापेक्षा लांब असते. बारापर्यंत सकाळचं ऊन धरलं तर चालतं.

दुसरी गोष्ट सूर्याच्या उंचीची. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, आकाशात जेमतेम अर्ध्या उंचीवर. तेव्हा सरळ उभ्या काठीची दुपारची सावली काठीच्या जवळजवळ लांबीएवढी पडते, उत्तरेकडे. २१ मार्चच्या सुमारास ती काठीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होते. एप्रिल संपताना बाराव्या हिश्श्यावर येते. आणि १६ मेच्या आसपास एक दिवस असा येतो की दुपारी काठीला सावलीच नसते. वर्तमानपत्रात त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्यानंतर सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेला जातो. २७ जुलैच्या सुमारास तो परत माथ्यावरून दक्षिणेला येतो, पण तेव्हा ढगांमुळे कोणाला दिसत नाही.

आता ही काठी बाजूला ठेवा आणि तिच्या जागी इमारत उभी करा. गावठाणातल्या आपल्या अंगणाच्या दक्षिणेला सात मजली इमारत झाली. उंची धरा सत्तर फूट. डिसेंबरात भर दुपारी तिची सावली चौसष्ट फूट लांब पडणार. आपलं अंगण चाळीस फुटांचं असेल तर अख्खं गेलं. माणूस म्हणतो, संपलं, आता इथं मोगरा होणार नाही. पण थांबा. मार्चच्या एकविसाला तीच सावली चोवीस फुटांवर येते. एप्रिलअखेर पाच-सहा फुटांवर. मोगऱ्याचा फुलण्याचा काळ मार्च ते जून. म्हणजे ज्या दिवसांत मोगऱ्याला ऊन हवं त्या दिवसांत ते अंगणात परत येतं.

फक्त अशा अंगणात छाटणीची तारीख बदलली पाहिजे. उघड्या शेतात आपण मोगरा डिसेंबर-जानेवारीत छाटतो. सावलीतल्या अंगणात डिसेंबरात छाटलं तर नवे फुटवे गारठ्यात आणि अंधारात निघतात, लुळे पडतात, आणि तेच फुटवे फुलं देणारे असतात. तेव्हा तिथं घाई करू नका. फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, अंगणात ऊन पुन्हा शिरायला लागलेलं दिसलं की छाटा. फुलं महिनाभर उशिरा येतील. उशिरा येणाऱ्या फुलांचा एक फायदाही असतो. मोगऱ्याचा पहिला मोठा लोंढा ओसरतो तेव्हा आपल्या कुंड्या भरलेल्या असतात.

इमारत पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर मात्र हा उपाय नाही. अर्ध्या दिवसाचं ऊन बाराही महिने गेलं. पूर्वेची इमारत सकाळ खाते, पश्चिमेची दुपार खाते. दोन्हीकडून झाल्या तर कुंड्या गच्चीवर न्याव्या लागतील, नाहीतर मोगरा सोडून दुसरं झाड धरावं लागेल. डोंगराचंही तसंच. राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर बोरिवलीच्या पूर्वेला आणि मुलुंडच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे बोरिवली पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी ऊन उशिरा येतं आणि मुलुंड पश्चिमेला ते लवकर जातं. घाटकोपर-असल्फ्याच्या उतारावरच्या वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन फक्त पत्र्यावर मिळतं. तिथल्या भगिनींनी कुंड्या पत्र्याच्या कडेला मांडलेल्या असतात, ते बरोबरच आहे. मात्र कुंडी पक्की बांधा. पावसाळी वाऱ्यात खाली कोणाच्या डोक्यात पडली तर फुलं कोण बघतो?

हे झालं पिकवणाऱ्याचं. आता घेणाऱ्याच्या घराकडे वळू, कारण आपली कुंडी शेवटी त्याच्या गॅलरीत राहणार आहे. शहरातल्या माणसाला ऊन किती तास येतं विचारलं तर सांगता येत नाही, कारण त्या वेळी तो कामावर असतो. त्याला गॅलरीची दिशा विचारा. तीही ठाऊक नसेल तर "सकाळी चहाच्या वेळी गॅलरीत ऊन असतं की संध्याकाळी?" एवढंच विचारा. त्यावरून कळतं.

पूर्वेची गॅलरी मोगऱ्याला बरी. सकाळचं ऊन सात-साडेसातपासून मिळतं. पण वरच्या मजल्याची स्लॅब डोक्यावर असते. सूर्य चढला की स्लॅब त्याला अडवते, आणि साडेदहा-अकराला ऊन बाहेर निघून जातं. म्हणजे कठड्यालगत साडेतीन-चार तास. मोगरा कठड्याला चिकटून ठेवला तर फुलतो, भिंतीकडे ठेवला तर नाही. पश्चिमेच्या गॅलरीत दीड-दोनपासून संध्याकाळपर्यंत ऊन. एप्रिल-मेमध्ये ते कडक लागतं, कुंडी तापते, दोन वेळा पाणी घालावं लागतं. पण मोगरा उन्हाला घाबरणारं झाड नाही. पाणी सांभाळलं तर पश्चिमेला तो पूर्वेपेक्षा जास्त फुलतो असा अनुभव आहे.

फसवी आहे ती दक्षिणेची गॅलरी. डिसेंबर-जानेवारीत बघाल तर काय सुरेख ऊन! सूर्य खाली कललेला, नऊ फूट उंचीच्या गॅलरीत दुपारचं ऊन आठ फूट आत, थेट भिंतीपर्यंत येतं. गिऱ्हाईक खुशीत येऊन चार कुंड्या घेतं. मार्चच्या एकविसाला तेच ऊन तीन फुटांवर येतं, दोन हातांचा पट्टा. एप्रिलअखेर वीतभर पट्टा उरतो, कठड्यापाशी. ऐन कळ्यांच्या वेळी ऊन गॅलरीतून निघून जातं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण एप्रिलच्या उकाड्यात अंगाला चटके बसत असतात. उकाडा आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅलरी भट्टीसारखी तापलेली असते आणि मोगरा तिच्यात सावलीत उभा असतो. दक्षिणेच्या गॅलरीवाल्याला सांगा की मार्च ते जून कुंडी खिडकीच्या बाहेरच्या जाळीत, स्लॅबच्या पुढं ठेवायची. तसं जमत नसेल तर मोगरा देऊ नका.

उत्तरेच्या गॅलरीत हिवाळाभर ऊन नाही. मार्चअखेरपासून सकाळ-संध्याकाळ थोडं तिरपं ऊन येतं, मे-जूनमध्ये भिंतीला घासून जातं, तेवढ्यात पावसाळा येतो. उत्तरेला मोगरा विकणं म्हणजे गिऱ्हाईक घालवणं.

मग उत्तरेवाल्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं का? अजिबात नाही. अबोली द्या. विरळ सावलीत अबोली चालते, आणि कोकणातल्या माणसाला अबोली दाखवली की तो घेतोच. तगर आणि कामिनी अर्ध्या उन्हावर तग धरतात, फुलं थोडी कमी देतात. अनंताला सकाळचं कोवळं ऊन मानवतं, दुपारचं नाही. पूर्वेच्या छोट्या गॅलरीला तो योग्य. जास्वंद आणि गुलाब मात्र मोगऱ्याच्याच जातकुळीचे म्हणा, उन्हाचे भुकेले. ज्या घरात मोगरा फुलला नाही तिथं गुलाबही फुलायचा नाही. घराच्या आत ठेवायला मनीप्लँट आहेच.

काचेबद्दलही सांगायला हवं. हल्ली गॅलरी बंद करून सरकत्या काचा लावतात. साध्या काचेतून ऊन बरंचसं आत येतं, काळसर काचेतून फार कमी. शिवाय जाळीवर चादरी, टॉवेल वाळत असतात. ऊन मोजायचं ते हे सगळं धरून मोजायचं. आणि बांधकामाची धूळ! उपनगरात कुठं ना कुठं खोदकाम चालूच असतं. पानांवर धुळीचा थर बसला की येणाऱ्या उन्हातलंही काही पानापर्यंत पोचत नाही, आणि त्या धुळीत लाल कोळी माजतो. आठवड्यातून दोनदा सकाळी पानांवर, खास करून पानांच्या खालच्या बाजूला, पाण्याचा जोरदार शिपका मारायला सांगा. खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर पाणी उडणार नाही एवढं बघून!

आता आपल्या रोपवाटिकेकडे परत येऊ. मोगऱ्याचे छाट किंवा दाब कलम पावसाळ्यात करतात. छाटाला मुळ्या फुटेपर्यंत हिरव्या जाळीची सावली हवी, ते ठीक. पण मुळ्या धरल्यावर महिना-दीड महिन्यात त्याला जाळीखालून बाहेर काढलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी सगळीच रोपं वर्षभर पन्नास टक्के सावलीच्या जाळीखाली ठेवतात, कारण पानं हिरवीगार, टवटवीत दिसतात आणि पाणी कमी लागतं. असं लाडावलेलं रोप गिऱ्हाइकानं एप्रिलमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलं की चार दिवसांत पानं करपतात. पांढुरके, नंतर तपकिरी डाग पडतात. सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं, त्याला कडक ऊन झेपत नाही.

उन्हाची सवय पंधरा दिवसांत होते. पहिले चार-पाच दिवस सकाळी साडेनऊपर्यंतचं ऊन द्यावं, पुढचे पाच दिवस बारापर्यंत, मग पूर्ण दिवस. ढगाळ दिवस आले तर ते यात धरू नयेत. मधल्या काळात जुनी दोन-चार पानं गळाली तर घाबरू नका, नवीन पान उन्हाचंच जाड येतं. विक्रीला काढायच्या कुंड्या निदान महिनाभर उघड्यावर राहिलेल्या असाव्यात. भर उन्हातलं रोप कमी उन्हाच्या गॅलरीत गेलं तरी थोडी पानं टाकतं. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे आठव्या दिवशी तक्रार येत नाही.

कुंडी आणि जमीन यांत एक मोठा फरक आहे, तो मे महिन्यात उघडा पडतो. जमिनीतल्या झाडाला डोक्यावर ऊन आणि पायाशी गारवा मिळतो. कुंडीतल्या झाडाचे पायही उन्हात. काळी प्लॅस्टिकची पिशवी किंवा कुंडी पश्चिमेच्या उन्हात इतकी तापते की त्या बाजूच्या कोवळ्या मुळ्या भाजून निघतात. दुपारी झाड मान टाकतं. आपण पाणी घालतो, तरी उठत नाही, आणि मग ऊन जास्त झालं असं समजून कुंडी सावलीत नेतो. फांद्यांना ऊन हवंच आहे, गरम लागतंय ते मुळांना. म्हणून कुंडीला सावली द्या, झाडाला नको. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, पश्चिमेच्या रांगेपुढं एक फळी किंवा ओलं गोणपाट आडवं लावा. मातीची कुंडी असेल तर उत्तम, तिच्या अंगातून पाणी पाझरतं आणि ती गार राहते. प्लॅस्टिकच्या कुंडीला बाहेरून चुना फासा. गच्चीवर कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. पाणी सकाळी लवकर, आणि गरज पडली तर संध्याकाळी. दुपारी रबरी नळीतून पहिलं येणारं पाणी उकळत्या चहासारखं असतं, ते झाडावर सोडू नका.

पान पिवळं पडलं की आपण ऊन जास्त झालं म्हणतो, ते बहुधा खरं नसतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोहाची कमतरता आहे. बोअरिंगच्या जड, चुनखडीच्या पाण्यावर वाढलेल्या कुंड्यांत हे फार दिसतं. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. हे काम उतरत्या उन्हात करा. खालची जुनी पानं पिवळी पडून गळत असतील, आणि माती ओली असेल, तर पाणी साचतंय. कुंडीचं भोक मोकळं करा.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. जून ते सप्टेंबर उपनगरात दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ऊन अधूनमधून डोकावतं. या दिवसांत मोगऱ्याकडून फुलांची फार अपेक्षा नको. खत थांबवा, कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका, कुंड्या मात्र उघड्यावरच राहू द्या. पावसाला भिऊन पडवीत आणल्या की जे थोडंफार ऊन मिळायचं तेही जातं. ऑक्टोबरात ऊन कडक पडतं, तेव्हा एक हलकी खुडणी करा, थोडी फुलं येतात. नोव्हेंबरापासून पाणी कमी करत जायचं.

छाटणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा. पानं सुकून गळायला लागली की बारा इंची कुंडीतलं झाड वीत-सव्वा वीत ठेवून वर कापा. आतल्या वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या काढा, म्हणजे ऊन झाडाच्या पोटात शिरेल. वरची दोन इंच माती उकरून काढा आणि तिच्या जागी दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत, अर्धी मूठ निंबोळी पेंड भरा. मग पाणी सुरू करा. फुटवे दिसायला लागल्यापासून कुंडीला अंगणातली सगळ्यात उन्हाची जागा मिळाली पाहिजे, मग बाकीची रोपं कुठंही जावोत. दर आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवा, म्हणजे चारी बाजूंनी फुटवा येतो. एकाच बाजूला फुललेली कुंडी बाजारात मागं पडते.

कुंडी विकताना एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून रोपाला बांधून द्या: कुठल्या दिशेला ठेवायची, किती तास ऊन, पाणी कधी. छापायची गरज नाही, मुलांच्या वहीचा कागद पुरतो. मोगऱ्याच्या कीड-रोगांबद्दल किंवा कलमांबद्दल जास्त माहिती हवी असेल तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि पालघर जिल्ह्यातलं कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र इथं विचारणा करता येईल. जाताना आपल्या अंगणाचा तो चुन्याच्या रेघांचा नकाशा कागदावर उतरवून बरोबर न्या. दक्षिण कुठं आणि शेजारची इमारत किती मजली, तेही त्यावर लिहा.